स्वरांवर सत्तेचा हात : शोस्ताकोविच यांच्याविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात दिमित्री शोस्ताकोविच (१९०६–१९७५) या रशियन संगीतकाराच्या पाचव्या सिम्फनीचा, म्हणजे पूर्ण वाद्यवृंदासाठीच्या दीर्घ रचनेचा, परिचय आला होता. ‘ही रचना स्टालिनच्या दडपणाखाली आकाराला आली’ असे एक वाक्य त्यात होते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले असून लांब पत्रांचा केवळ गाभा घेतला आहे.

प्रश्न : नाटकातल्या किंवा कवितेतल्या शब्दांवर सरकारची वक्रदृष्टी होते, हे समजते. परंतु नुसत्या वाद्यांच्या स्वरांत राज्यकर्त्याला आक्षेपार्ह असे काय सापडणार? आणि त्याने आक्षेप घेतला, तरी त्यामुळे स्वररचना कशी बदलेल? (एक वाचक, पुणे)

आक्षेपाची सुरुवात शब्द असलेल्या कृतीपासूनच झाली. लेस्कोव्ह या एकोणिसाव्या शतकातील रशियन लेखकाच्या कथेवरून शोस्ताकोविच यांनी ‘म्त्सेन्स्कची लेडी मॅकबेथ’ हा ऑपेरा रचला. सासऱ्याचा आणि नवऱ्याचा खून करणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या बायकोची ही गोष्ट होती. १९३४ च्या जानेवारीत लेनिनग्राडला आणि लगेच मॉस्कोला तो रंगमंचावर आला, दोन्ही शहरांत दोन वर्षे गर्दीत चालला आणि परदेशातही गेला. २६ जानेवारी १९३६ रोजी स्टालिन आणि मोलोतोव्ह, मिकोयान, झ्दानोव्ह हे त्याचे सहकारी नेते मॉस्कोत बोल्शोय नाट्यगृहाच्या प्रयोगाला आले आणि शेवटचा अंक होण्यापूर्वीच उठून गेले. दोनच दिवसांनी ‘प्रावदा’ या कम्युनिस्ट पक्षाच्या मुखपत्रामध्ये ‘संगीताऐवजी गोंधळ’ या मथळ्याचा निनावी लेख प्रसिद्ध झाला. हा चलाखीचा खेळ असून त्याचा शेवट फार वाईट होऊ शकतो, अशी त्यात सूचना होती. शोस्ताकोविच त्या वेळी कार्यक्रमांसाठी अर्खान्गेल्स्कला गेलेले होते आणि तो अंक त्यांनी तिथेच वाचला. आठवडाभरानंतर त्याच वृत्तपत्राने त्यांच्या बॅलेवरही तसाच प्रहार केला.

संगीतात आक्षेपार्ह काय सापडते, याचे उत्तर त्या लेखातच आहे. चाल कानाला धरून ठेवता येत नाही, स्वर एकमेकांवर आदळतात, वाद्ये किंचाळतात आणि सामान्य श्रोत्याला गुणगुणायला काही उरत नाही, अशी तक्रार तिथे होती. म्हणजे राज्यकर्त्यांनी संगीताचा अर्थ लावण्याचा प्रयत्नच केला नाही, त्यांनी ते कोणासाठी आहे असे विचारले, आणि तो प्रश्न स्वरांनाही विचारता येतो. शिवाय १९३६ मध्ये ‘प्रावदा’तील निनावी लेख म्हणजे कोणा टीकाकाराचे मत आहे, असे कोणीही समजत नव्हते. काल कौतुक करणाऱ्या सहकाऱ्यांनी सभा भरवून तीच टीका पुन्हा वाचून दाखवली. पुढच्या दीड वर्षात शोस्ताकोविच यांचे आश्रयदाते मार्शल तुखाचेव्स्की यांना गोळ्या घालण्यात आल्या, सासूबाईंची रवानगी छावणीत झाली, मेहुण्यांना अटक झाली आणि थोरल्या बहिणीला लेनिनग्राड सोडून दूर जावे लागले.

आता स्वररचना कशी बदलली ते पाहू. लेख आला तेव्हा शोस्ताकोविच चौथ्या सिम्फनीवर काम करीत होते. शंभराहून अधिक वादकांची, तासभर चालणारी ही रचना नेहमीच्या चार भागांच्या साच्यात बसत नाही. कल्पनांचे ढीग रचत ती पुढे जाते आणि शेवटी हळूहळू विझत, सेलेस्ता या नाजूक वाद्याच्या स्वरांवर थांबते. लेखानंतरही त्यांनी ती त्याच वाटेने मे १९३६ मध्ये पूर्ण केली. लेनिनग्राडला तालमी सुरू झाल्या आणि डिसेंबरमध्ये प्रयोगाच्या तोंडावर ती मागे घेण्यात आली. युद्धात मूळ स्वरलिपीची प्रत हरवली, म्हणून वादकांच्या सुट्या प्रतींवरून ती पुन्हा जुळवावी लागली. ३० डिसेंबर १९६१ रोजी, म्हणजे पंचवीस वर्षांनी, श्रोत्यांनी ती प्रथम ऐकली.

१९३७ च्या वसंतात आणि उन्हाळ्यात लिहिलेली पाचवी सिम्फनी तिच्या शेजारी ठेवली, की आपल्या प्रश्नाचे उत्तर कानांनाच मिळते. हिचे भाग चार आहेत, वाद्यवृंद नेहमीच्या आकाराचा आहे, अवधी पाऊण तासाचा आहे, चाली लक्षात राहतील अशा आहेत आणि शेवट तुतारी-नगाऱ्यांच्या गजरात होतो. प्रतिभा तीच आहे आणि दोन्हींतले अंतर फार तर वर्षभराचे आहे. सत्तेने त्यांच्या हातात नवे स्वर दिले नाहीत, परंतु रचनेची लांबी, तिचा आराखडा आणि शेवट या तीन गोष्टींची मोकळीक तिने काढून घेतली. पुढे ते चौथीच्या वाटेला पुन्हा त्या धिटाईने कधीच गेले नाहीत, आणि मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातले मोठे नुकसान तेच आहे.

प्रश्न : पाचव्या सिम्फनीचा शेवट खरोखर आनंदाचा आहे की आनंदाचे सोंग आहे? मी ऐकलेल्या दोन ध्वनिमुद्रणांत तो इतका निराळा वाटला की रचना एकच आहे यावर विश्वास बसेना. (एक वाचक, कोल्हापूर)

आपल्या कानांनी फसवलेले नाही. या शेवटाच्या वेगाबद्दल छापील स्वरलिपींतच मतभेद आहेत, कारण एका आवृत्तीत दिलेला वेग दुसरीत जवळजवळ निम्मा होतो. लिओनार्ड बर्नस्टाईन यांनी १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या वाद्यवृंदासह केलेल्या ध्वनिमुद्रणात तो धावत सुटतो आणि विजयाची मिरवणूक वाटतो. त्याच वर्षी बर्नस्टाईन यांनी ही सिम्फनी मॉस्कोत सादर केली, तेव्हा शोस्ताकोविच स्वतः सभागृहात होते. उलट, शोस्ताकोविच यांचे शिष्य आणि मित्र असलेले म्स्तिस्लाव रोस्त्रोपोविच तोच शेवट इतक्या जड पावलांनी नेतात की कोणी मागून ढकलत चालवीत आहे असे वाटते.

आपल्या संगीताच्या परिभाषेत सांगायचे तर येथे इंग्रजी ‘डी’ हा षड्ज आहे. सिम्फनीचा बराचसा प्रवास कोमल गांधाराच्या छायेत होतो आणि शेवटी शुद्ध गांधार येऊन सगळे उजळते. परंतु ते उजळल्यावर वरच्या वाद्यांना करायला फारसे काही उरत नाही. ती एकच पंचम पुन्हा पुन्हा, न थकता वाजवत राहतात आणि खाली पितळी वाद्ये विजयाची घोषणा करीत असतात. हा पंचम काहींना उत्सवाचा वाटतो, काहींना जबरदस्तीने म्हणायला लावलेल्या ‘होय, होय’सारखा ऐकू येतो. मी दुसऱ्या पक्षाकडे झुकतो, परंतु ते माझे ऐकणे झाले आणि त्याला पुरावा म्हणता येणार नाही.

पुराव्याच्या जवळ जाणारी एक गोष्ट मात्र आहे. पाचवीच्या आगेमागेच शोस्ताकोविच यांनी पुश्किनच्या एका छोट्या कवितेला चाल लावली होती. एक रानटी चित्रकार प्रतिभावंताच्या चित्रावर स्वतःचे रंग फासतो, परंतु काळ जातो तसे ते परके रंग गळून पडतात आणि मूळ चित्र पुन्हा प्रकट होते, असा तिचा आशय आहे. त्या गीताचे आरंभीचे स्वर चौथ्या भागाच्या मुख्य चालीत आहेत, आणि भागाच्या मध्यावर सगळा गदारोळ थांबतो तेव्हा गीताची साथही ऐकू येते. पहिल्या प्रयोगाच्या श्रोत्यांसमोर हे गीत आलेलेच नव्हते, त्यामुळे हा संदर्भ त्यांच्यासाठी नव्हता हे उघड आहे.

२१ नोव्हेंबर १९३७ रोजी लेनिनग्राडमध्ये येवगेनी म्राविन्स्की यांच्या संचालनाखाली पहिला प्रयोग झाला, तेव्हा तिसऱ्या, संथ भागात लोक उघडपणे रडले आणि शेवटी जवळजवळ अर्धा तास टाळ्या पडत राहिल्या. अटकांनी पोखरलेल्या शहरात प्रत्येकाच्या ओळखीचे कोणीतरी नाहीसे झालेले होते. रडण्यासाठी त्यांना गुप्त संकेतांची गरज नव्हती.

येथे आपल्याकडचे एक उदाहरण उपयोगी पडेल. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’मध्ये महाभारताच्या कथेआड प्रेक्षकांना व्हाइसरॉय कर्झन दिसला, तसा तो सरकारलाही दिसला आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. पात्रे आणि प्रसंग समोर असल्यामुळे ‘हा म्हणजे तो’ असे बोट दाखवता येत होते. शब्दहीन सिम्फनीत असे बोट ठेवायला जागा नसते, म्हणून सोव्हिएत व्यवस्थेने बंदीऐवजी नाव देण्याचा मार्ग धरला. ‘रास्त टीकेला सोव्हिएत कलावंताचे सर्जनशील उत्तर’ हे पाचवीला चिकटलेले उपशीर्षक एका पत्रकाराच्या लेखणीतून आलेले होते. शोस्ताकोविच यांनी १९३८ च्या जानेवारीत एका लेखात ते आपल्याला आवडल्याचे लिहिले आणि त्या वाक्याने त्यांना वाचवले. एकदा ते नाव मिळाल्यावर तिसऱ्या भागातला शोक हा ‘मागे पडलेल्या चुकांचा’ शोक ठरला आणि अधिकाऱ्यांना टाळ्या वाजवण्याची सोय झाली.

प्रश्न : सातवी, म्हणजे लेनिनग्राड सिम्फनी, ही तर उघड प्रचारकृती. मग तिचे एवढे कौतुक कशासाठी? (एक वाचक, नागपूर)

ती प्रचारासाठी वापरली गेली हे खरे आहे, आणि तसा वापर फार मोठ्या प्रमाणावर झाला. ८ सप्टेंबर १९४१ रोजी जर्मन सैन्याचा लेनिनग्राडभोवतीचा वेढा पूर्ण झाला. त्या काळात शोस्ताकोविच शहरातच होते आणि पहिले तीन भाग त्यांनी तिथेच लिहिले. ऑक्टोबरच्या आरंभी त्यांना विमानाने बाहेर काढण्यात आले, डिसेंबरच्या अखेरीस कुइबिशेव येथे रचना पूर्ण झाली आणि ५ मार्च १९४२ रोजी तिथेच पहिला प्रयोग झाला. स्वरलिपीची सूक्ष्मफीत तेहरान आणि कैरोमार्गे अमेरिकेला पोचली, जुलैमध्ये वाद्यवृंद-संचालक तोस्कानिनी यांनी ती न्यूयॉर्कहून रेडिओवर सादर केली आणि अग्निशामक दलाचे शिरस्त्राण घातलेले शोस्ताकोविच ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकले. त्याच युद्धाचे पडसाद आपल्या शाहिरीतही उमटले होते, हे अण्णा भाऊ साठे यांच्या ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ या रचनेवरून वाचकांना ठाऊक असेलच.

परंतु ९ ऑगस्ट १९४२ रोजी वेढ्यातल्या लेनिनग्राडमध्ये जे घडले, त्याला नुसता प्रचार म्हणणे मला जड जाते. शहरात उरलेल्या रेडिओ वाद्यवृंदातले जेमतेम पंधरा वादक वाजवण्याच्या स्थितीत होते. बाकीचे उपासमारीने मेले होते किंवा अंथरुणाला खिळले होते. संचालक कार्ल एलियासबर्ग यांनी सैन्यातून वादक मागवले, त्यांना वाढीव शिधा मिळवून दिला, आणि पहिली तालीम वादकांच्या अशक्तपणामुळे पाव तासात थांबवावी लागली. प्रयोगाच्या दिवशी सोव्हिएत तोफखान्याने आधीच मारा करून जर्मन तोफा गप्प केल्या, आणि कार्यक्रम ध्वनिक्षेपकांवरून शहराला व शत्रूच्या खंदकांनाही ऐकवण्यात आला. सरकारला या प्रयोगाची गरज होती आणि लोकांनाही होती. दोन गरजा एकत्र आल्या की त्यांना वेगळे करणे नंतरच्या समीक्षकाला सोपे वाटते, त्या सभागृहात बसलेल्या माणसाला ते सुचलेही नसते.

संगीत म्हणून पाहिले तर सातवी मला असमतोल वाटते. पहिल्या भागात एक बाळबोध, जवळजवळ पोरकट चाल छोट्या ढोलाच्या ठेक्यावर येते आणि प्रत्येक आवर्तनाला वाद्ये वाढत जाऊन अखेर राक्षसी होते. ‘आक्रमणाची चाल’ म्हणून ती जगभर गाजली. तिच्यात लेहारच्या ‘मेरी विडो’ या हलक्याफुलक्या संगीतिकेतला एक तुकडा लपलेला आहे. हंगेरियन संगीतकार बार्तोक यांनी पुढे आपल्या रचनेत तिची खिल्लीही उडवली. हा भाग परिणामकारक आहे, परंतु नंतरचे तासभराचे संगीत तेवढ्या ताकदीने उभे राहत नाही. त्यापेक्षा १९४३ ची आठवी कितीतरी खोल आहे. युद्धाच्या भरात तिचा काळोख अधिकाऱ्यांना खटकला, कारण विजय समोर दिसत असताना त्यांना शोक नको होता.

प्रश्न : ‘फॉर्मॅलिझम’ म्हणजे नेमके काय? १९४८ च्या ठरावात हा शब्द सतत येतो. (एक वाचक, सोलापूर)

मराठीत त्याला रूपवाद म्हणतात. आशयापेक्षा घडणीलाच महत्त्व देणे, असा त्याचा पुस्तकी अर्थ आहे. प्रत्यक्षात ज्याला गप्प करायचे त्याच्यावर मारायचा तो शिक्का होता आणि त्याची व्याख्या सैल ठेवण्यातच त्याची उपयुक्तता होती. १० फेब्रुवारी १९४८ चा कम्युनिस्ट पक्षाचा ठराव मुरादेली या संगीतकाराच्या ‘महान मैत्री’ या ऑपेराच्या निमित्ताने झाला. मुरादेली काही प्रयोगशील संगीतकार नव्हते. परंतु ठरावाने त्यांच्या आडून शोस्ताकोविच, प्रोकोफिएव्ह, खाचातुरियान, म्यास्कोव्स्की, शेबालिन आणि पोपोव्ह या नामवंतांना एकाच माळेत ओवले. शोस्ताकोविच यांना मॉस्को आणि लेनिनग्राड या दोन्ही संगीतविद्यालयांतील अध्यापनाची कामे गमवावी लागली आणि आठव्या व नवव्या सिम्फनीसह अनेक रचनांच्या सादरीकरणावर बंदी आली.

नववीवरचा राग समजण्यासारखा आहे. बेथोव्हेनच्या नवव्या सिम्फनीनंतर ‘नववी’ म्हटले की भव्य आणि समूहगानयुक्त असे काही अपेक्षिले जाते. त्यातून १९४५ चा विजय झालेला होता. शोस्ताकोविच यांनी पंचवीस मिनिटांची, खट्याळ, हायडनच्या वळणाची, गायकांशिवायची रचना दिली. विजयाच्या जयघोषाला असा प्रतिसाद देणे हेच एक विधान होते, आणि या एका बाबतीत सत्तेने संगीत बरोबर ऐकले, असे म्हणावे लागते.

प्रश्न : बंदीच्या काळात त्यांनी लिहिणे थांबवले होते का? आणि पोट कसे भरले? (दोन वाचक, ठाणे व औरंगाबाद)

लिहिणे थांबले नाही, परंतु ते दोन टेबलांवर विभागले गेले, आणि राजकारणाने एखाद्या संगीतकाराला घडवले म्हणजे काय केले, याचे सर्वांत स्पष्ट चित्र मला येथे दिसते.

पहिले टेबल जाहीर होते. चित्रपटांचे पार्श्वसंगीत हे उत्पन्नाचे मुख्य साधन झाले. स्टालिनला देवत्व देणाऱ्या ‘बर्लिनचा पाडाव’ या चित्रपटालाही त्यांनी संगीत दिले. १९४९ मध्ये वृक्षलागवडीच्या सरकारी मोहिमेवर ‘वनांचे गीत’ ही समूहगायनाची रचना केली. चाली गोड आहेत, बांधणी निर्दोष आहे, लहान मुलांचे वृंदगान आहे आणि संहितेत स्टालिनची स्तुती आहे. तिला १९५० चे स्टालिन पारितोषिक, म्हणजे एक लाख रूबल, मिळाले. पुढे स्टालिनचे नाव अडचणीचे झाले, तेव्हा संहितेतली ती स्तुती काढून टाकण्यात आली आणि संगीताला धक्काही लागला नाही. ज्या रचनेतून नायक वजा केला तरी स्वर हलत नाहीत, त्या रचनेविषयी यापेक्षा अधिक काही सांगण्याची आवश्यकता नाही.

दुसरे टेबल लिहून खणात ठेवून देण्याच्या कामाचे होते. पहिला व्हायोलिन कन्सर्तो, म्हणजे एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांची रचना, १९४८ च्या मार्चमध्ये, ठरावाच्या वावटळीतच पूर्ण झाला. डेव्हिड ओइस्त्राख यांनी तो सात वर्षांनी, १९५५ मध्ये, वाजवला. १९४८ मध्येच लिहिलेली ‘ज्यू लोककाव्यातून’ ही गीतमाला देशात ज्यूविरोधी मोहीम चालू असताना बाहेर काढणे अशक्य होते, म्हणून तीही १९५५ पर्यंत थांबली. चौथे आणि पाचवे तंतुवाद्य-चतुष्क (चार तंतुवाद्यांची रचना) स्टालिनच्या मृत्यूनंतर, १९५३ च्या अखेरीस, श्रोत्यांसमोर आले. शिवाय ‘रूपवादविरोधी रायोक’ नावाचे एक विडंबन होते. त्यात स्टालिनचे सोंग जॉर्जियन लोकगीताच्या चालीत व्याख्यान झोडते. ते जवळच्या मित्रांपुरतेच राहिले आणि १९८९ मध्ये प्रथम जाहीरपणे सादर झाले.

हा विभागलेला कारभार त्यांच्या संगीतप्रकारांतही उतरला. १९३६ पूर्वी त्यांनी एकही पूर्ण चतुष्क लिहिलेले नाही. पहिले १९३८ मध्ये आले आणि आयुष्याच्या शेवटी त्यांची संख्या पंधरा, म्हणजे सिम्फनींइतकीच, झाली. सिम्फनी हा सोव्हिएत व्यवस्थेत सार्वजनिक समारंभ होता. तिच्या पहिल्या प्रयोगाला अधिकारी येत, वृत्तपत्रे अभिप्राय देत आणि तिचा ‘विषय’ काय आहे अशी विचारणा होई. चार वादकांच्या चतुष्काकडे इतके लक्ष नसे. तेव्हा पाश्चात्त्य संगीताच्या जाणकारांत ‘शोस्ताकोविच यांचे खरे मन चतुष्कांत आहे’ असे जे म्हटले जाते, त्याच्या मुळाशी स्वभावापेक्षा सभागृहाचा आकार आहे असे मला वाटते.

उत्पन्नाबाबत हेही नोंदवायला हवे की त्याच राज्यव्यवस्थेने उत्तम वाद्यवृंद पोसले, स्वरलिपी छापल्या, संगीतकारांना घरे दिली आणि आठवी सिम्फनी जिथे लिहिली गेली तसे इव्हानोव्हो येथील संगीतकारांचे विश्रामगृह चालवले. मारणारा आणि पोसणारा हात एकच होता, म्हणून ‘सरकारविरुद्ध कलावंत’ ही सोपी मांडणी येथे पुरत नाही. मार्च १९४९ मध्ये स्टालिनने स्वतः फोन करून त्यांना न्यूयॉर्कच्या शांतता परिषदेला जाण्यास सांगितले, तेव्हा शोस्ताकोविच यांनी विचारले की देशात आपले संगीत वाजवले जात नसताना अमेरिकेत आपण काय सांगावे. बंदी तातडीने उठली. ते न्यूयॉर्कला गेले आणि तिथे त्यांना स्वतःला पूज्य असलेल्या, देशाबाहेर स्थायिक झालेल्या स्ट्राविन्स्की या संगीतकाराविरुद्धच्या सरकारी भूमिकेला सर्वांसमोर मान डोलवावी लागली.

प्रश्न : दहाव्या सिम्फनीचा दुसरा भाग हे स्टालिनचे व्यक्तिचित्र आहे, असे त्यांच्या आठवणींच्या पुस्तकात आहे ना? (एक वाचक, डोंबिवली)

ते पुस्तक सोलोमन वोल्कोव्ह यांनी १९७९ मध्ये, शोस्ताकोविच यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, अमेरिकेत प्रसिद्ध केले. संगीतकाराने आपल्याला सांगितलेल्या आणि सहीनिशी मंजूर केलेल्या आठवणी, असे त्याचे स्वरूप सांगितले गेले. पुढच्याच वर्षी अमेरिकन अभ्यासक लॉरेल फे यांनी दाखवून दिले की सही असलेल्या कित्येक पानांवरचा मजकूर सोव्हिएत नियतकालिकांत आधीच छापून आलेल्या लेखांशी जुळतो. पुस्तकाला दुजोरा देणारे जवळचे लोकही आहेत, त्यामुळे वाद मिटलेला नाही. परंतु ज्याचा आधार इतका डळमळीत आहे, त्यावर एका संपूर्ण सिम्फनीचा अर्थ टांगणे मला मान्य नाही.

स्टालिन ५ मार्च १९५३ रोजी वारला आणि दहावी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सादर झाली. दुसरा भाग चार मिनिटांचा, दम घेऊ न देणारा, क्रूर आहे. तो ऐकून हुकूमशहा आठवणे स्वाभाविक आहे. परंतु स्वरलिपीत जे निर्विवादपणे आहे, ते अधिक विलक्षण आहे. तिसऱ्या भागात संगीतकार स्वतःचे नाव उच्चारतात. जर्मन पद्धतीने त्यांच्या नावाची आद्याक्षरे (डी, एस, सी, एच) स्वरांत मांडली, की ‘डी, ई-फ्लॅट, सी, बी’ असे चार स्वर मिळतात. ‘सी’ला षड्ज मानले तर रे, कोमल ग, सा आणि खालचा शुद्ध नी. त्याच भागात फ्रेंच हॉर्नवर बारा वेळा येणारी हाक त्यांची विद्यार्थिनी एल्मिरा नाझिरोवा यांच्या नावावरून बांधलेली आहे, हे त्यांच्या पत्रांतून पुढे स्पष्ट झाले. सारे जग जिथे स्टालिन शोधत होते, तिथे एक मध्यमवयीन माणूस एका तरुणीला साद घालत होता. सिम्फनीच्या शेवटी ‘रे-ग-सा-नी’ संपूर्ण वाद्यवृंदातून गर्जत राहते. सतरा वर्षे ज्याला ‘आम्ही’ म्हणून बोलावे लागले, त्याने येथे ‘मी’ म्हटले आणि मला यात राजकारणाचा ठसा त्या कल्पित चित्रापेक्षा अधिक ठळक दिसतो.

प्रश्न : स्टालिन गेल्यावर, १९६० मध्ये, त्यांनी पक्षाचे सभासदत्व का घेतले? हा भित्रेपणाच नव्हे काय? (एक वाचक, न्यू जर्सी)

त्यांना रशियन संगीतकार संघाचे प्रमुखपद द्यायचे होते आणि त्यासाठी सभासदत्व आवश्यक होते. नकार देण्याची शक्ती त्यांच्यात उरली नव्हती. त्यांचे मित्र इसाक ग्लिकमन यांनी त्या दिवसांतले त्यांचे रडणे आणि कोलमडणे लिहून ठेवले आहे. पुढे १९७३ मध्ये सरकारचे टीकाकार असलेले शास्त्रज्ञ साखारोव्ह यांच्याविरुद्धच्या जाहीर पत्रावरही त्यांचे नाव आले, आणि त्यांच्या चाहत्यांनाही त्याचे समर्थन करता आलेले नाही. मीही करीत नाही. आपण ‘भित्रेपणा’ म्हणता, ते वर्णन त्या सह्यांना लागू पडते, परंतु १९३६ ते १९५३ या काळात जे टिकून राहिले त्यांच्यापैकी किती जणांना ते लागू पडणार नाही, याचाही विचार करावा लागेल.

त्याच १९६० च्या जुलैमध्ये एका चित्रपटाच्या कामासाठी ते ड्रेस्डेनजवळच्या गोरिश येथे राहिले होते आणि चित्रपटाऐवजी तीन दिवसांत त्यांनी आठवे चतुष्क लिहिले. छापील अर्पणपत्रिका ‘फॅसिझम आणि युद्धाच्या बळींना’ अशी आहे. ग्लिकमन यांना पाठवलेल्या पत्रात मात्र त्यांनी लिहिले की आपण मेल्यावर आपल्या स्मरणार्थ कोणी काही रचेल असे वाटत नाही, म्हणून ते काम आपणच केले. पाचही भागांत ‘रे-ग-सा-नी’ फिरत राहते आणि तिच्याभोवती त्यांच्या जुन्या रचनांचे तुकडे येतात. त्यांत ‘लेडी मॅकबेथ’मधली एक ओळ आणि तुरुंगात प्राण सोडणाऱ्या क्रांतिकारकाचे जुने गीतही आहे.

आणि दोनच वर्षांनी त्याच पक्षसदस्याने येव्तुशेंको यांच्या कवितांवर तेरावी सिम्फनी लिहिली. कीव्हजवळच्या बाबी यार येथे सप्टेंबर १९४१ मध्ये दोन दिवसांत ३३,७७१ ज्यूंची हत्या झाली होती आणि त्या जागी स्मारक नाही, हे पहिल्याच कवितेत होते. म्राविन्स्की यांनी संचालन नाकारले, गायकांनी ऐनवेळी माघार घेतली, तरीही १८ डिसेंबर १९६२ रोजी किरिल कोन्द्राशिन यांनी ती मॉस्कोत सादर केली. त्यानंतर दडपणाखाली कवितेतल्या काही ओळी बदलल्या गेल्या. संगीत मात्र शोस्ताकोविच यांनी बदलले नाही.

प्रश्न : पाश्चात्त्य अभिजात संगीत फारसे ऐकलेले नाही. सुरुवात कुठून करावी? (अनेक वाचक)

आठव्या चतुष्कापासून करावी. वीस-बावीस मिनिटांची रचना आहे, वाद्ये चारच आहेत, आणि ‘रे-ग-सा-नी’ ओळखायला येऊ लागली की वाट सापडते. मग पाचवी ऐकावी, आणि शेवटचा भाग बर्नस्टाईन व रोस्त्रोपोविच या दोघांचाही लागोपाठ ऐकावा. चौथी त्यानंतर, निवांत वेळी, एकाच बैठकीत ऐकावी. ‘वनांचे गीत’ही टाळू नये, कारण दुसऱ्या टेबलावरचे काम ऐकण्याआधी पहिल्यावरचे कसे होते ते कानांना ठाऊक असलेले बरे. चौथी आणि पाचवी यांच्या तुलनेवर पत्रे पाठवणाऱ्यांनी आपण कोणाचे ध्वनिमुद्रण ऐकले ते अवश्य कळवावे, म्हणजे पुढील अंकात वेगाच्या प्रश्नावर अधिक नेमके लिहिता येईल.